धुराचा मार्च

जानेवारीचे पहिले चोवीस दिवस आमच्या घरात आभाळाबद्दल बोलायची बंदी असायची. ‘आज उकडतंय’ म्हणायचं नाही, ‘वारा पडलाय’ म्हणायचं नाही. ओले कपडे दोरीवर घालताना वर बघून नुसतं हुश्श केलं तरी आत्या डोळे वटारायची. कारण त्या दिवसांत पापा वर्षाचं बघत असायचे. पहिली तारीख म्हणजे जानेवारी, दुसरी म्हणजे फेब्रुवारी, तिसरी म्हणजे मार्च. अशी बारा दिवसांत बारा महिन्यांची हवा आधीच दिसते. तेरा तारखेपासून चोवीसपर्यंत तेच महिने उलटे, डिसेंबरकडून जानेवारीकडे, पुन्हा एकदा दिसतात. काबान्युएलास म्हणतात त्याला. कौका नदीच्या खोऱ्यात सगळीकडेच म्हातारी माणसं ते बघायची, पण आमच्या सांता रोसालियात शब्द चालायचा तो पापांचा, बेलिसारियो काराबालींचा.

पापांना लिहिता येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारामागे ते कोळशानं खुणा करायचे. कोरडा दिवस असेल तर उभी रेघ, ओला असेल तर आडवी. दिवसभर अंगणातल्या ओंडक्यावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे आणि संध्याकाळी आत येऊन एक रेघ ओढायचे. मधे दुसरं कुणी आभाळाबद्दल बोललं तर बघणाऱ्याच्या डोळ्यात परका शब्द जातो आणि डोळा बिघडतो, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवलं होतं. तेव्हा बाकीच्यांनी तोंडाला कुलूप.

आता मी सत्तरी ओलांडली. घराच्या चारी बाजूंनी ऊस आला आहे, इतका की पाहुण्याला आमची वाट शेजाऱ्यांना विचारत यावं लागतं. रोज सकाळी ओसरीवरची काजळी झाडते. मी तक्रार करत नाही, पण तेव्हाची हवा मला आठवते आणि आठवली की जीव तुटतो. उन्हाळ्यातल्या सकाळी नदीवर धुक्याचा पट्टा असायचा, आठ वाजेपर्यंत अंगावर शाल लागायची. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर स्वच्छ दिसायचे. पूर्वेकडे, सगळ्यांच्या मागे, उईलाचं बर्फाचं शिखर पंधराएक मिनिटं गुलाबी व्हायचं आणि तेवढा वेळ बायका हातातली कॉफी तशीच धरून अंगणात उभ्या राहायच्या. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगरातून वारा उतरायचा. वाळत घातलेल्या कोकोच्या बियांचा आंबट वास त्या वाऱ्यानं घरभर यायचा. सगळं गाव दारात येऊन बसायचं, भांडणंसुद्धा त्याच वेळी व्हायची.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. आई आदल्या ऑगस्टमध्ये तापानं गेली होती. घरात पापा, त्यांची थोरली बहीण एमेरिता आत्या आणि मी. आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेली अकरा कणसं.

ती आईच्या पांढऱ्या मक्याची होती. जाड दाणा, पिठूळ, त्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं बी. गावातल्या बाकीच्यांनी केव्हाच दुकानातलं पिवळं बियाणं आणायला सुरुवात केली होती, कारण ते लवकर येतं आणि बुटकं राहतं. आईचा मका दोन पुरुष उंच व्हायचा आणि तिच्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही. ती गेल्यावर सप्टेंबरात आम्ही तो टोकला, पण नदी शेतात शिरली आणि सगळं कुजलं. उरलं ते हे एवढंच. किडा लागू नये म्हणून चुलीच्या धुरात टांगलेलं. ही अकरा गेली की पांढरा मका गेला, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणून त्या जानेवारीत पापांनी मार्च कसा आहे ते नीट बघावं, एवढंच माझं मागणं होतं.

तीन तारखेला सकाळी मी धुणं घेऊन नदीवर गेले. पलीकडच्या काठावर दोन वर्षांपूर्वीपर्यंत गायरान होतं, त्यात सामान म्हणतात ती छत्रीसारखी पसरलेली मोठमोठी झाडं होती. मग साखर कारखान्यानं जमीन घेतली, झाडं पाडली, ऊस लावला. त्या दिवशी त्यांनी तो पहिल्यांदा तोडणीआधी पेटवला. सहासात माणसं टेंभे घेऊन बांधावरून चालत गेली आणि मिनिटभरात फड तडतडायला लागला. पाचट जळून जातं, तोडणाऱ्याला सोपं पडतं, असं पुढे कळलं. तेव्हा मी नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिले. पांढरे बगळे कुठूनसे येऊन आगीच्या कडेला उभे राहिले आणि पळणारे उंदीर उचलायला लागले. वारा अजिबात नव्हता. धूर सरळ वर गेला, वरती सपाट झाला आणि हळूहळू आमच्या बाजूला पसरला.

मी परत आले तेव्हा अंगणावर करडं आभाळ खाली आलं होतं. सूर्य तांबडा आणि लहान दिसत होता. उकडत होतं. पापा ओंडक्यावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं. मला वाटतं तो आनंद होता.

धुण्याची टोपली खाली ठेवून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी आत गेले.

संध्याकाळी दारामागे तिसरी रेघ ओढली गेली. आडवी.

बावीस तारखेला, उलट्या मोजणीतल्या मार्चला, पुन्हा तेच झालं. या वेळी वारा थोडा होता आणि दुपारी अंगणात उसाच्या पात्यांची काळी राख तरंगत उतरली. आत्यानं वाळत घातलेला पांढरा परकर हातात घेऊन तो माझ्या नाकासमोर फडकावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. पापांनी मात्र त्या दिवशी संध्याकाळची वाट बघितली नाही. तीन वाजताच उठले, आत आले, घाईघाईनं आडवी रेघ ओढली आणि हात धुतले.

पंचविसाव्या दिवशी तेओफिलो मिना आला. तो आमचा शेजारी आणि माझा धर्मपिता, म्हणजे पापांचा कोम्पाद्रे. हाडकुळा माणूस, जिभेला हाड नाही. त्याच्या मागोमाग बाकीच्या पाच घरांतलेही एकेक जण फाटकाशी येऊन उभे राहिले.

“बोला कोम्पाद्रे,” तेओफिलो म्हणाला. “वर्ष कसं आहे? का मुलीच्या लग्नासारखं लपवून ठेवताय?”

“मार्च लवकर ओला होतोय,” पापा म्हणाले. “पहिल्या आठवड्यापासून. फेब्रुवारी संपायच्या आत बी जमिनीत असावं.”

“इतक्या लवकर?”

“दोन्ही वेळा आडवी आली.”

“आडवी आली म्हणजे झालंच,” तेओफिलो म्हणाला. “चला रे, कोयत्यांना धार लावा.”

ते गेल्यावर मी आणि आत्या उखळात मका कांडत होतो. एक घाव तिचा, एक माझा. मी तिला नदीकाठी काय बघितलं ते सांगितलं.

आत्यानं मुसळ थांबवलं. “म्हणजे तो ढग नव्हता?”

“दोन्ही वेळा धूर होता.”

“अगं बाई. मग सांग की त्याला.”

“तू सांग. तू मोठी बहीण.”

“मी? साठ वर्षं झाली, माझ्या सांगण्यावरून त्यानं रश्श्यातलं मीठसुद्धा कमी केलेलं नाही. तू लाडकी आहेस, तू जा.”

गेले. पापा परसात कोयता घासत होते. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, “पापा, त्या बावीस तारखेचं...”

“हं?”

“पलीकडे कारखानावाले...”

“कारखानावाल्यांचं नाव घेऊ नकोस, धार जाते,” ते म्हणाले आणि हसले. मग कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, “तुझी आई असती तर म्हणाली असती, कणसं उतरवायची घाई करू नका. कशाचीच घाई नसायची तिला.” त्यांचा आवाज असा झाला की माझ्या तोंडचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मी कोयत्यावर पाणी ओतून दिलं आणि उठून आले. तो माझा भित्रेपणा होता. आजही मी त्याला दुसरं नाव देत नाही.

फेब्रुवारीत सावड लागली. आमच्याकडे सात घरं एकमेकांची शेतं आळीपाळीनं करायची. सगळ्यांनी मिळून एकाचं तण काढायचं, त्याचं टोकून द्यायचं, त्याच्याकडे जेवायचं, मग दुसऱ्याचं. उन्हाळा कडक होता, जमीन कोयत्याला दाद देत नव्हती. पाठ वाकवून तण खुरपताना घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून पडायचा आणि मातीत दिसेनासा व्हायचा. कारखाना आता आठवड्यातून दोनदा पेटवत होता. दुपारी जेवायला बसलं की सांकोचोच्या रश्श्याच्या वाडग्यात राखेचा काळा तुकडा उतरायचा. बायका तो चमच्यानं उचलून मागे फेकायच्या आणि गप्पा चालू ठेवायच्या. किती लवकर सवय होते माणसाला.

पापांची रीत अशी की आधी इतरांचं, शेवटी आपलं. सव्वीस तारखेपर्यंत सहाही घरांचं बी जमिनीत गेलं. अठ्ठावीसला आमची पाळी होती. त्या सकाळी पापांनी खुर्चीवर उभं राहून अकराही कणसं उतरवली. मी म्हणाले, “दोन ठेवू या का?” तर त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दाणे सोलून आईच्या तुंब्यात भरले.

शेतात मी टोकणकाठीनं भोकं पाडत पुढे चालायचं, पापांनी प्रत्येक भोकात तीन दाणे टाकून टाचेनं माती लोटायची, असं ठरलं होतं. बाकीची माणसं खालच्या अंगाला होती. मी काठी रोवली आणि उचललीच नाही.

“काय झालं?” पापा मागून म्हणाले. “पायात काटा?”

“पापा, तो धूर होता.”

“कुठला?”

“तीन तारखेचा. बावीस तारखेचापण. मी नदीवर होते, मी फड पेटवताना बघितला. ढग नव्हते. मार्च कोरडा आहे की ओला ते कुणालाच माहीत नाही. बी नका टाकू.” एका दमात बोलले आणि रडायला लागले. वीस वर्षांची घोडी, भर उन्हात, काठीला धरून.

पापांनी टोपी काढली, कपाळ पुसलं.

“वास मला तीन तारखेलाच आला होता,” ते म्हणाले.

मी वळून बघितलं.

“उसाच्या पाचटाचा वास कुणाला कळत नाही? मला वाटलं, धुराच्या मागे ढगही असतील. खूप बघितलं. असतील, असतील म्हणत बसलो.” ते तुंब्यातल्या दाण्यांकडे बघत होते. “घरात मान वर केली की ती कणसं दिसायची, पोरी. रोज. कधी एकदाची जमिनीत जातात असं झालं होतं मला. त्या दिवशी आभाळ काळं झालं आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून रेघ ओढली.”

“मग आता थांबू या. घरी नेऊ.”

“आणि त्यांचं?” त्यांनी हनुवटीनं खालच्या अंगाला दाखवलं. तेओफिलो तिथे कुणाची तरी टर उडवत भोकं पाडत होता. “सहा घरांनी माझ्या शब्दावर बी टाकलं. आता मी माझं बी तुंब्यात घालून घरी जाऊ? कुठल्या तोंडानं?”

“पण ते आईचं आहे.”

“म्हणूनच.” त्यांनी टोपी घातली. “पाड भोक.”

मी पाडलं. सूर्य मावळेपर्यंत पाडत राहिले. तुंबा रिकामा झाला तेव्हा पापांनी तो उलटा करून तळहातावर आपटला, बारीक भुसा पडला, तोही त्यांनी मातीतच टाकला.

मार्चच्या पाच तारखेला एक सर आली. अर्धा तास. लोकांनी पापांच्या नावानं टोप्या हवेत फेकल्या. दाणे फुगले, चार दिवसांत पोपटी टोकं वर आली आणि मग आभाळ मिटलं. दहा गेली, पंधरा गेली, वीस गेली. कारखाना तेवढा रोज पेटवत होता. सकाळी उठावं तर आभाळ करडं, जड, आता पडेल असं, आणि दुपारपर्यंत तेच करडं तसंच. आम्हाला वर बघूनही काही कळेना. डोंगर दिसत नव्हते. शिखर तर कधी होतं की नाही असं वाटायला लागलं. आत्याची छाती भरली. रात्री ती बसून श्वास घ्यायची, सकाळी काळं थुंकायची, आणि तोंडावर ओलं फडकं बांधून पुन्हा चुलीशी बसायची.

पोपटी टोकांची सुरळी झाली. मग पिवळी पडली.

जानेवारीत ढग नव्हते, धूर होता, हे आता सगळ्यांनीच ताडलं होतं. दुकानात पापा गेले की गप्पा थांबायच्या. पापा मीठ घेऊन बाहेर पडले की सुरू व्हायच्या. तेओफिलोनं मात्र पाठीमागे बोलायचे कष्ट कधी घेतले नाहीत. तो रोज सकाळी आमच्या फाटकाशी थांबायचा.

“कोम्पाद्रे, त्या आडव्या रेघेला जरा उभं करता आलं तर बघा.”

किंवा, “माझ्या बायकोनं विचारलंय, ढग आणि चुलीचा धूर यातला फरक तुम्ही शिकवाल का? तिला कळतो, पण तुमच्याकडून शिकायचंय.”

आणि एकदा, फार वाईट, माझ्या गेलेल्या आईच्या नावानं: “क्रेसेन्सिया असती तर तिनं तुम्हाला आभाळाऐवजी चुलीसमोर बसवलं असतं.”

मी फाटकाकडे धावले तर पापांनी माझा दंड धरला. “खरंच बोलतोय तो,” म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी रॉकेलचे दोन रिकामे डबे घासले, बांबूला दोन्ही टोकांना टांगले आणि कावड केली. नदी शेतापासून चारशे पावलं. मला वाटलं आपल्या शेतात पाणी घालणार. पण डबे हिंदकळत ते आमच्या कुंपणावरून पुढे गेले आणि तेओफिलोच्या शेतात शिरले. एकेका रोपाच्या बुडाशी वाटीनं पाणी घालायला लागले.

“वेडा झालाय का तो?” आत्या खोकत म्हणाली. “आपलं वाळतंय की.”

“आपलं शेवटी,” पापा परत येताना म्हणाले. जणू सावडच चालली होती.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाचं शेत. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याचं. दिवसाला तीस खेपा. खांद्यावरची कातडी गेली, त्यावर त्यांनी केळीचं पान ठेवून कावड घेतली. मी पहाटे उठून आमच्या शेतातल्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चर आहे आणि ओल थोडी टिकते, तिथे एक डबा डोक्यावरून नेऊन घालायची. एवढंच मला जमत होतं. वरचं सगळं मी डोळ्यांदेखत सोडून दिलं.

आठव्या दिवशी तेओफिलो नदीच्या वाटेवर उभा राहिला.

“ठेवा ते डबे. माझं पीक मेलं, कोम्पाद्रे. मढ्याला काय पाणी पाजताय?”

“चार ओळी जिवंत आहेत.”

“चार ओळींनी माझं काय होणार?”

“माहीत नाही,” पापा म्हणाले आणि बाजूनं गेले.

तेओफिलोनं तिथेच उभं राहून पापांना, पापांच्या आजोबांना, कारखान्याला आणि उसाच्या जातीला मिळून शिव्या दिल्या. त्या शिव्या संपल्या नव्हत्या तोच घरी जाऊन स्वतःचे डबे घेऊन आला आणि शिव्या देत देतच आमच्या शेतात शिरला. “कुठलं जिवंत आहे ते दाखव,” माझ्यावर खेकसला. मी त्याला चराकडचा कोपरा दाखवला.

पाऊस चौदा एप्रिलला आला. तोपर्यंत सहाही घरांनी दुकानातून पिवळं बियाणं उधारीवर उचलून पुन्हा टोकलं होतं. आमच्या अकरा कणसांपैकी चराकडची तीसेक रोपं उभी राहिली, तीही नीट पोसवली नाहीत. जुलैत आम्ही तेरा कणसं काढली. लहान, वाकडी, काहींत दाणे विरळ, पण पांढरी. मी ती मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, सुटलो.

पापांनी ती माझ्या मांडीवरून उचलली आणि टोपलीत घातली.

“कुठे?”

“घरोघरी. सहा घरं, दोन-दोन.”

आत्या ताडकन उठली. “आणि इथे एक? बेलिसारियो, तिचं बी आहे ते! लोकांना दोन आणि तिच्या घरात एक?”

“नुकसान माझ्यामुळे झालं त्यांचं.”

“धुरामुळे झालं!”

“धूर कारखान्याचा, एमेरिता. रेघ माझी.”

ते गेले. प्रत्येक फाटकाशी थांबले, टोपी काढली, दोन कणसं दिली, परत आले. काहींनी घेतली, काहींनी घेऊन बाजूला फेकली असतील. उंच मका कुणालाच नको होता, त्याचं कौतुक कुणाला? मी चार दिवस पापांशी बोलले नाही. आईच्या मरणानंतर इतका राग मला कुणाचाच आला नव्हता.

सप्टेंबरच्या पेरणीला कुणी विचारायला आलं नाही आणि पापा काही बोलले नाहीत. प्रत्येकानं आपल्या मनानं, आपल्या दिवशी टोकलं. आम्ही आमचं एक कणीस टोकलं, ते अळीनं खाल्लं. ऑक्टोबरच्या एका सकाळी मी शेतात गेले तर प्रत्येक पोंग्यात भुसा होता. घरी येऊन पापांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. आढ्याला रिकामी दोरी लोंबत होती, ती आत्यानं सोडून चुलीत टाकली.

नाताळच्या आधी तिनं दारही धुतलं. कोळशाच्या रेघा गेल्या. नवं वर्ष लागलं तरी पापा अंगणातल्या ओंडक्यावर बसले नाहीत. आत खाटेवर बसून दोर वळत राहायचे. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. आम्ही तिघं मोकळेपणानं आभाळाबद्दल बोलू शकत होतो आणि कुणाला बोलायला काही सुचत नव्हतं.

चार तारखेला सकाळी फाटक वाजलं. तेओफिलो होता. डोक्यावर टोपली, तिच्यावर पोतं. सरळ स्वयंपाकघरात आला, टोपली आदळली, पोतं ओढलं. आत पांढरी कणसं होती. भरगच्च, जाड दाण्याची, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. मी एक उचललं आणि खाली ठेवता येईना.

“तुमच्या दोन फुटक्या कणसांचं एवढं झालं,” तेओफिलो म्हणाला. “सगळ्यांनी लवकर टाकलं, मी आळसानं तीन आठवडे उशिरा टाकलं. अळी तोवर बाकीच्यांकडे जेवून तृप्त झाली होती. सावडीतल्या आलिरियोच्या बायकोचंही आलंय थोडं. बाकीच्यांचं गेलं. हे तुमचं. निम्मं मी ठेवलंय, ते परत मागू नका.”

पापा खाटेवरून उठले नाहीत. कणसांकडे बघत होते.

“आता सांगा,” तेओफिलो म्हणाला, “मार्चचं कधी टाकू?”

“मला विचारू नका, कोम्पाद्रे.”

“मग कुणाला विचारू?”

“दुकानात रेडिओ आहे. त्यावर हवा सांगतात.”

“हो का? आणि रेडिओ चुकला तर मी कुणाच्या फाटकाशी जाऊन उभा राहू? तुम्ही चुकलात तर निदान शिव्या देता येतात. मार्चभर दिल्या मी तुम्हाला. रोज सकाळी. किती बरं वाटायचं मला, माहितीय? त्या रेडिओवाल्याचं घरसुद्धा माहीत नाही मला.”

आत्याला हसू फुटलं. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता तिनं तेओफिलोच्या पाठीत धपाटा घातला. पापांनी मान खाली घातली. मला वाटलं रडतायत. पण खांदे हलत होते ते हसण्यानं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मग त्यांनी दोर बाजूला ठेवला, टोपी घेतली आणि अंगणात गेले. आम्ही त्यांच्या मागे गेलो. नदीपलीकडे त्या दिवशीही पेटवलं होतं. करडं आभाळ खाली आलं होतं, सूर्याचा नुसता तांबडा ठिपका होता, डोंगरांचा पत्ता नव्हता. पापांनी टोपी काढून वर बघितलं.

“धूर आहे, पापा,” मी म्हणाले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी बघू दे.”

आणि ते ओंडक्यावर बसले.